टेबललॅम्प तुमच्या घरात कुठून आला?

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोटोग्राफी हा माझा खास विषय. सेकंड इयरला लायब्ररीत ग्रेगरी क्रूडसन या अमेरिकन फोटोग्राफरचं पुस्तक हाती लागलं आणि तेव्हापासून माझं काही खरं नाही. पाण्याने भरलेल्या दिवाणखान्यात तरंगणारी ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. आता काहीही काढलं तरी खिडकी निळी आणि आत पिवळा दिवा. सर म्हणतात, हे फोटो नाहीत, सिनेमाची पोस्टरं आहेत, आणि तीही दुसऱ्याच्या सिनेमाची. सहा फोटो सोबत पाठवतेय. ही कॉपी आहे का? आणि क्रूडसनकडे क्रेन असते, माझ्याकडे दोन एलईडी आणि एक चुलतभाऊ. मार्चमध्ये डिस्प्ले आहे.
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : चुलतभाऊ पुरेसा आहे. त्याच्या खाण्यापिण्याकडे तेवढं लक्ष दे.

तुझ्या सरांच्या बोलण्याचे दोन भाग आहेत. ‘पोस्टरं आहेत’ हा भाग मी मानत नाही. ‘दुसऱ्याच्या सिनेमाची’ हा मात्र मनावर घे.

आधी पहिल्याबद्दल, कारण तिथे माझं पोट गुंतलेलं होतं. रोलच्या जमान्यात मी मराठी सिनेमांच्या सेटवर स्टिल फोटोग्राफर होते. थिएटरच्या लॉबीत काचेच्या कपाटात फोटोसेट लागायचे, आणि लोकांना वाटायचं की ते सिनेमातूनच कापून काढलेत. तसं नसायचं. टेक चालू असताना माझ्या कॅमेऱ्याचा ‘खट्’ साउंडवाल्याला चालत नसे. डायरेक्टर ‘ओके’ म्हणाला की मी ओरडायचे, ‘स्टिल!’ मग लाइटदादा दिवे तसेच ठेवायचे, हिरो-हिरॉइन पुन्हा आपापल्या जागी यायचे आणि तोच प्रसंग माझ्यापुरता पुन्हा उभा करायचे. सिनेमात कधी नव्हताच असा क्षण बघून लोक तिकीट काढायचे. सिंडी शर्मन या अमेरिकन फोटोग्राफर बाईने नेमकं हेच हेरलं. १९७७ ते १९८० या काळात तिने स्वतःच विग लावून, वेश बदलून सत्तरेक ब्लॅक अँड व्हाइट ‘फिल्म स्टिल’ काढले, प्रसिद्धीच्या फोटोंच्या थाटात. सिनेमा मात्र एकही नाही. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो संच विकत घेतला. त्यामुळे ‘सिनेमासारखं दिसतंय’ ही काही शिवी होत नाही. कोल्हापुरात तर नाहीच नाही. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली ती तुमच्याच गावात, आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही ते स्वतः रंगवत. सरांना हे सांगायचं की नाही ते डिस्प्लेचे मार्क लागल्यावर ठरव.

आता क्रूडसन. जन्म १९६२, ब्रुकलिन. वडील मनोविश्लेषक, आणि त्यांचा दवाखाना घराच्याच तळघरात. खाली पेशंट काय बोलतात ते पोरगं जमिनीला कान लावून ऐकायचा प्रयत्न करायचं. त्याचे फोटो बघताना आपलीही तीच गत होते : आत काहीतरी चाललंय, आपल्याला ऐकू येत नाहीये. तू म्हणतेस तो तरंगणाऱ्या बाईचा फोटो २००१ चा, ‘ट्वायलाइट’ या मालिकेतला. सेट, दिवे, सिनेमाच्या युनिटएवढी माणसं, आणि एका चित्रासाठी वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडलेल्या. शटरचं बटण बहुतेक वेळा तो स्वतः दाबतही नाही, तेवढ्यासाठी वेगळा माणूस असतो. (हे ऐकून माझे विद्यार्थी दरवेळी नाराज होतात. का, कोण जाणे. दिग्दर्शक कुठे कॅमेरा चालवतो?)

तुझ्या डोळ्यांत हा सगळा सरंजाम भरला. त्यामागची गोष्ट साधी आहे. हा माणूस गेली कित्येक वर्षं पश्चिम मॅसॅच्युसेट्समधली तीच ती चार गावं काढतोय. तिथल्या बेकेट गावात त्याच्या घरच्यांचं लाकडी घर होतं, लहानपणापासून जाणं-येणं. गाडी घेऊन रस्ते पालथे घालतो, एखादं घर किंवा वळण मनात बसलं की मग पुढची जमवाजमव. ती लाकडी घरं, दारातल्या मोठाल्या गाड्या, कोपऱ्यातले शेडवाले दिवे हे सिनेमातून आणलेले नाहीत. त्या गावात ते आहेतच.

आणि तुझा तिसरा फोटो घे. काकू पलंगाच्या कडेवर बसल्यात. मागे फडताळ, त्यात पितळी डबे, भिंतीवर कॅलेंडर, खिडकीला निळं जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावतात तो रंगीत पारदर्शक कागद. आणि मधोमध स्टुलावर शेडचा टेबललॅम्प. मुली, हा टेबललॅम्प तुमच्या घरात कुठून आला? त्याच्या वायरीच्या घड्यासुद्धा अजून मोडलेल्या नाहीत, खोक्यातून काढलाय तसा ठेवलाय. काकूंचा हातही त्याच्यापासून चार इंच लांब, परक्या वस्तूपासून ठेवतात तसा. फोटोत सगळ्यात खोटा तो दिवा आहे, काकू नव्हेत.

यातलं तांत्रिक अंग नीट समजून घे, कारण तुझी निळी खिडकी तिथे अडकली आहे. अमेरिकन घरातला जुन्या पद्धतीचा बल्ब साधारण २८०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा), पिवळा. बाहेर सूर्य मावळल्यावरचं आकाश पुष्कळ थंड, निळं. पिवळं आत, निळं बाहेर, हा रंगांचा झगडा त्या गावाला फुकट मिळतो. आपल्याकडे दिवेलागणीला काय लागतं? ट्यूब. ती साडेसहा हजार केल्विनच्या आसपास, आकाशाच्याच जातीची. म्हणजे आत-बाहेर एकच रंग, आणि झगडा गायब. म्हणून तू लॅम्प आणलास आणि जिलेटिन चिकटवलंस. त्याऐवजी तुझ्या घरात संध्याकाळी खरोखर कुठले दिवे जळतात ते एकदा वहीत लिहून काढ. देवघरातला लाल झिरो बल्ब. टीव्ही, ज्याने काकूंचा चेहरा दर दोन सेकंदांना रंग बदलतो. मोरीतला पिवळट, धुरकटलेला दिवा, जो कुणीच बदलत नाही. गल्लीत अजून सोडियमचा खांब उरला असेल तर उत्तमच : ट्यूबवर व्हाइट बॅलन्स लाव, म्हणजे कॅमेऱ्याला ट्यूबचाच उजेड पांढरा मानायला सांग, बाहेरची गल्ली नारिंगी होईल. आत थंड, बाहेर ऊबदार. क्रूडसनच्या बरोबर उलटं चित्र, आणि तुझ्याच घरातलं.

दोन एलईडीचं रडगाणंही नको. फिलिप-लोर्का दिकॉर्शिया या अमेरिकन फोटोग्राफरचा १९७८ चा ‘मारिओ’ बघ. त्याचा भाऊ रात्री उघड्या फ्रिजसमोर उभा आहे, बस्स. चेहऱ्यावरचा उजेड फ्रिजच्या दिव्याचा वाटतो, पण आत फ्लॅश दडवलेला आहे. एक भाऊ, एक फ्रिज, एक फ्लॅश. तुझ्याकडे भाऊ आहे, फ्रिज असेलच. उजेड कुठून येतोय हे बघणाऱ्याला पटलं की तो दिवा कुठल्या कंपनीचा हे कोणी विचारत नाही.

संध्याकाळचं गणित मात्र पाठ कर. मॅसॅच्युसेट्स आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला, तिथे सूर्य तिरका बुडतो आणि कामापुरता संधिप्रकाश अर्धा तास टिकतो. कोल्हापुरात तो सरळ खाली जातो. तुला वीस-बावीस मिनिटं मिळतील, त्यातलीही कामाची पाच-सात. म्हणून आतले दिवे दुपारीच लाव, ट्रायपॉड पक्का कर, त्याला चिकटपट्टी मार, चुलतभावाला काकूंच्या जागी बसवून फोकस घे. सूर्य मावळला की आतलं काहीही हलवायचं नाही. बाहेरचा उजेड उतरत उतरत आतल्या उजेडाच्या पातळीला येतो तोवर थांबायचं, आणि मग दर मिनिटाला एक फ्रेम. नंतर एकीची खिडकी दुसरीच्या काकूंना जोडलीस तरी मला काही वाटणार नाही.

काकूंचं काय? त्या ‘दुःखी’ बसल्यात. तू सांगितलं असणार, काकू, जरा विचारात पडल्यासारखं करा. क्रूडसनची माणसं काही करत नाहीत. ज्या क्षणी काही घडलं त्याच्या आधी किंवा नंतर ती नुसती असतात. नटांना हे सांगून जमत नाही, माझा अनुभव आहे. पण शटर जमवतं. आयएसओ शंभर, एफ आठ, आणि शटर चार सेकंद उघडं. चार सेकंद चेहऱ्यावर दुःख धरून ठेवणं चांगल्या चांगल्या नटांना जड जातं, तोंडाच्या कडा आपोआप खाली येतात आणि खरा चेहरा उरतो. त्यांना फक्त सांग, टीव्हीवरचं घड्याळ बघत बसा, हलू नका.

राहिला कॉपीचा प्रश्न. उघडपणे केलेल्या कॉपीला मी कधीच मार्क कापले नाहीत. कॅनडाच्या जेफ वॉलने १९९३ मध्ये जपानी चित्रकार होकुसाईचं वाऱ्यात उडणाऱ्या कागदांचं चित्र जसंच्या तसं उचललं, शंभराहून जास्त फोटो जोडून, वर्षाहून अधिक काळ घालवून. पण फुजी पर्वत गेला, व्हँकुव्हरजवळची सपाट शेतं आली, आणि किमोनोच्या जागी ऑफिसला निघालेले बाबू. शीर्षकातच सांगून टाकलं, ‘होकुसाईवरून’. आपल्याकडे बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात राजा रविवर्म्याची चित्रं स्वतः साडी-दागिने घालून पुन्हा उभी केली. हाच तो रविवर्मा, ज्याच्या नावाच्या मळवलीच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्यांच्या देवघरात होती. आणि त्याआधी, १९९६ ते १९९८ मध्ये, मुंबईत पुष्पमाला जुन्या स्टंटपटांतल्या फिअरलेस नादियासारखा मुखवटा आणि टोप घालून थरारपटाच्या थाटात वावरल्या. कॅमेऱ्यामागे मीनल अगरवाल. कुठून घेतलंय हे लपवायचा कुठे प्रयत्न नाही.

तू मात्र क्रूडसनचं घेतलंस आणि फोटोंना नावं दिलीस ‘मौन १’, ‘मौन २’. ती आधी काढ. एक फोटो सरळ ‘क्रूडसनवरून, मंगळवार पेठ’ असा लाव, टेबललॅम्पसकट, वायरीच्या घड्यांसकट. बाकीचे चार नव्याने काढ. सहावा, जिन्यात चपलांचा ढीग आणि वर उघडं दार, तो तसाच राहू दे. त्यात तू कोणाचीच नाहीस.

प्रश्न : मी जव्हार तालुक्यात शिक्षिका आहे. मुंबईची कॉलेजची मुलं कॅमेरे घेऊन पाड्यावर येतात. पूर्वी नुसते फोटो काढून जायची, आता ‘कन्सेप्ट’ घेऊन येतात : आजीला डोंगरावर उभं कर, पोराच्या हातात कंदील दे. लोक भिडेखातर उभे राहतात. एका आजींची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. हे बरोबर आहे का? — एक शिक्षिका

उत्तर : नाही. कंदील तर मुळीच नाही, तुमच्याकडे तो आता कोण वापरतं?

मांडणी करून काढलेल्या फोटोत समोरचा माणूस काम करत असतो. सेटवर आम्ही गर्दीतल्या माणसालाही दिवसाचा भत्ता आणि जेवण द्यायचो. आजी डोंगरावर उभी राहिली तर ती आर्टिस्ट आहे, आणि तिला निदान बुडालेली मजुरी मिळालीच पाहिजे. वर ज्याचं नाव आलं त्या दिकॉर्शियाने १९९० ते १९९२ मध्ये हॉलीवूडमध्ये शरीर विकून जगणाऱ्या तरुणांचे फोटो काढले. त्यांना पैसे दिले आणि फोटोच्या शीर्षकातच नाव, वय, गाव आणि दिलेली रक्कम छापली. त्या फोटोंबद्दल माझ्या मनात अजूनही किंतु आहे. वीस-तीस डॉलर भिंतीवर लिहिले म्हणून हिशेब चुकता होतो असं नाही. पण निदान व्यवहार झाकला नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या दारातलंच आहे, कदाचित तुम्हाला माहीतही असेल. दिल्लीच्या फोटोग्राफर गौरी गिल २०१५ पासून जव्हार भागात एक मालिका करत आल्या, ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’. बोहाड्याचे, म्हणजे तुमच्याकडच्या सोंगांच्या उत्सवाचे, मुखवटे करणारे सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे दोघे भाऊ, त्यांचे घरचे आणि गावातले कोकणा-वारली कलाकार यांना त्यांनी देवादिकांचे नाही, तर रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितलं : माणसं, प्राणी, वस्तू. मग गावकऱ्यांनीच ते घालून आपापल्या जागी, आपापली कामं करताना प्रसंग उभे केले. कागदाच्या लगद्याचं डोकं असलेला माणूस दारात बसलाय, आणि शेजारचं सगळं अगदी रोजचं. हे फोटो २०१७ मध्ये डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनाला आणि पुढे न्यूयॉर्कलाही गेले. मांडणी इथेही आहे, क्रूडसनएवढीच. पण डोक्यावर काय चढवायचं आणि कसं उभं राहायचं हे ठरवण्यात उभं राहणाऱ्याचा हात आहे.

पुढच्या वेळी पोरं आली की त्यांना आधी विचारा, मजुरी किती देणार आणि प्रिंट कधी पाठवणार. ज्याची चुळबुळ सुरू होईल त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न : माझी मुलगी फोटोग्राफी शिकते. शेजाऱ्यांना घरात बसवून, कपडे बदलायला लावून खोटे प्रसंग रचते आणि त्याला फोटो म्हणते. आमच्या समजुतीप्रमाणे जे घडलं ते दाखवणं म्हणजे फोटो. आम्ही जुने झालो की ती भरकटली? — एक वडील, नाशिक

उत्तर : तुम्ही जुने नाही, उलट ती तुमच्यापेक्षा जुन्या वाटेने चालली आहे. फोटोग्राफी जाहीर झाली १८३९ मध्ये. मानसन्मान फ्रान्सच्या दागेर या संशोधकाला मिळाले. इपोलित बायार हा दुसरा फ्रेंच संशोधक मागे पडला, तेव्हा त्याने १८४० मध्ये स्वतःचाच बुडून मेलेल्या माणसाचा फोटो काढला, डोळे मिटून, अंग उघडं, आणि मागे लिहिलं की सरकारने दखल न घेतल्यामुळे या बिचाऱ्याने जीव दिला. पुढे तो कित्येक वर्षं ठणठणीत जगला. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून सदाचार आणि चैन यांच्यात अडकलेल्या तरुणाचं भलंमोठं दृश्य केलं, आणि त्याची प्रत व्हिक्टोरिया राणीने घेतली.

आणि साहेब, तुमच्या लग्नाचा अल्बम काढून बघा. माळ घालतानाचा तुमचा फोटो पहिल्या फटक्यात आला होता की ‘हात तसाच वर धरा, इकडे बघा’ म्हणून पुन्हा घालायला लावली होती? वहिनींचा आरशात बघतानाचा एक असेलच. तो प्रसंग कुठे घडला होता?

वर्तमानपत्रात मुलीने असं केलं तर तिचे कान धरा. तिथे वाचक घडलेलं म्हणूनच बघतो. गॅलरीच्या भिंतीवर तो करार नसतो. शेजाऱ्यांना मात्र प्रिंट द्यायला सांगा, नाहीतर पुढच्या वेळी बसायला कोणी मिळणार नाही.

प्रश्न : स्मोक मशीन परवडत नाही. खोलीत उजेडाची तिरीप दिसायला काय करावं? — विद्यार्थी, पुणे

उत्तर : लोबान. सेटवर वर्षानुवर्षं तेच चाललं. धुपाटण्यात निखारे, वर चिमूटभर लोबान, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, मग हातातल्या पुठ्ठ्याने धूर हलकेच पसरवायचा आणि ढग मोडून नुसता पातळ थर उरेपर्यंत थांबायचं. दिवा कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूने, तिरका. कॅमेऱ्याच्या मागून लावलात तर तिरीप दिसणार नाही, नुसतं पांढरं होईल. खोलीत दमेकरी कोणी नको, वर स्मोक अलार्म नको, आणि पडदे आधी काढून ठेवा. वास आठवडाभर जात नाही, घरमालकाला आधीच सांगा.